गरजेची सायकल आणि हौसेची सायकल



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर किंवा एखाद्या संपाच्या इतिहासावर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही ‘सायकल’ असे सांगितले आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग एका गृहस्थांनी विचारले, “म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने?” आम्ही म्हटले, नव्हे, इतिहासाच्या दृष्टीने. त्यांनी विषय लिहून घेतला खरा, पण त्यांची खात्री पटली असे आम्हांस वाटले नाही. ती आज पटली तर बरेच.

आम्ही सायकल चालवू लागलो त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. तासाच्या भाड्याने सायकल मिळे तो काळ. सीटवर बसून पाय जमिनीला पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत आम्ही शिकलो, गुडघे फोडून घेतले, आणि तास संपण्याच्या आत दुकानी परत आलो नाही म्हणून बोलणीही खाल्ली. पुढे युनियनच्या कामासाठी हीच सायकल एका कारखान्याच्या फाटकावरून दुसऱ्याच्या फाटकावर फिरली. तेव्हा या वाहनाविषयी आम्ही अगदी निःपक्षपातीपणे बोलू असे आश्वासन देता येत नाही. परंतु एक प्रश्न आम्हांला बरीच वर्षे छळीत आला आहे. रस्त्यावर दोन जातीचे सायकलवाले दिसतात. एक गरजेपोटी चालवतो, दुसरा हौसेपोटी. दोघांचे वाहन एक, रस्ता एक, समोरून येणारा वाराही एकच. आणि तरी या दोघांची ओळख म्हणून नाही. असे नेहमीच होते काय? इतिहासात शोधू गेले तर असे नेहमीच नव्हते, हे दिसते. ती हकीगत सांगण्यासाठी आज उभे आहोत.

यंत्राचा इतिहास थोडक्यात आटोपू. १८१७ साली जर्मनीत मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस नावाच्या सरदारपुत्राने दोन चाकांचे लाकडी यंत्र रस्त्यावर आणले. त्याला पायडल नव्हते. जमिनीवर पाय मारीत पुढे जायचे. १८६० नंतर फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडले बसली. मग ते पुढचे चाक वाढत वाढत माणसाच्या छातीएवढे झाले, मागचे मात्र बशीएवढे राहिले. ही उंच सायकल म्हणजे धडधाकट, सुखवस्तू तरुणांचा खेळ. तीवरून पडले तर डोक्यावरच पडायचे. बायकांना ती वर्ज्य, वयस्कांना वर्ज्य, आणि किमतीमुळे मजुराला तर वर्ज्यच वर्ज्य.

ती खाली आणली कव्हेंट्री या गावाने. या गावापाशी आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण ते गाव मूळचे विणकरांचे. रेशमी फिती विणणे हा कव्हेंट्रीचा पिढीजात धंदा. १८६० मध्ये इंग्लंड-फ्रान्सचा व्यापारी तह झाला, फ्रेंच फिती जकातीवाचून येऊ लागल्या, आणि माग बंद पडले. उपासमार झाली, माणसे देशोधडीला लागली. मग तेथे शिवणयंत्रांचा कारखाना निघाला. १८६९ च्या सुमारास त्याच कारखान्याने फ्रेंच नमुन्याच्या सायकली करायला घेतल्या, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते गाव सायकलींची राजधानी बनले. १९८२ च्या संपानंतर ज्यांनी मुंबईचे गिरणगाव ओस पडताना पाहिले, त्यांनी ही गोष्ट ऐकून ठेवावी. तेथे मागाच्या जागी लेथ आला. आमच्याकडे मागाच्या जागी काय आले हे आपण लोअर परळला जाऊन पाहू शकता.

या कव्हेंट्रीत १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. दोन चाके जवळजवळ सारखी, पायडले मधोमध, चेन मागच्या चाकाला. आज आपल्या दारात उभी असते ती सायकल तीच. एकशे चाळीस वर्षांत तिच्या हाडापेऱ्यांत विशेष फरक पडला नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी धाव बसवली, आणि हाडे खिळखिळी होण्याचे संकट टळले. त्याच १८८८ साली आमच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. म्हणजे ही वस्तू आपल्याकडे फार मागाहून आली असे मुळीच नव्हे. आली, पण आली ती दिवाणखान्याच्या दारी.

विलायतेतही आरंभी तसेच. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चांगली सायकल घ्यायची तर कुशल कामगाराची दोन-तीन महिन्यांची मजुरी लागे. परंतु १८९६ साली सायकलीचे असे वेड लागले की कारखान्यांवर कारखाने निघाले, माल गरजेपेक्षा जास्त झाला, आणि पुढल्याच वर्षी भाव कोसळले. भागधारक बुडाले आणि कामगारांच्या दारात सायकल आली. श्रीमंतांनी गतसालची सायकल टाकून नवी घेतली म्हणजे जुनी निम्म्या दामात मिळे. शिवाय हप्त्याची सोय होती. अशी ही वस्तू कुणी कृपा करून दिलेली नाही. बाजाराच्या फजितीतून ती खाली घरंगळत आली आणि खालच्यांनी ती झेलली.

आता आम्हांस ज्या मंडळींविषयी सांगायचे आहे त्यांच्याकडे वळतो.

मँचेस्टरला १८९१ च्या डिसेंबरात ‘क्लॅरियन’ नावाचे साप्ताहिक निघाले. क्लॅरियन म्हणजे तुतारी. संपादक रॉबर्ट ब्लॅचफर्ड. हा गृहस्थ पूर्वी लष्करात शिपाई होता. मग पत्रकार झाला, आणि समाजवाद लिहू लागला म्हणून बऱ्या पगाराची नोकरी घालवून बसला. त्याची भाषा चहाच्या दुकानातल्या माणसाला कळेल अशी. ‘मेरी इंग्लंड’ हे त्याचे पुस्तक १८९४ मध्ये एका पेनीला विकले गेले आणि लाखांनी खपले. फेब्रुवारी १८९४ मध्ये बर्मिंगहॅमला या पत्राचे काही वाचक, टॉम ग्रूम आणि त्याचे सोबती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तरुण, एका कॉफीगृहात जमले आणि त्यांनी एक सायकल मंडळ काढले. समाजवादाचा प्रचार करायचा आणि सायकलीची मौज लुटायची, असा दुहेरी हेतू. थोड्याच दिवसांत त्यांनी मंडळाला साप्ताहिकाचे नाव दिले. पुढच्या वर्षी, १८९५ च्या ईस्टरला, डर्बीशायरमधील ॲशबर्न येथे ठिकठिकाणच्या मंडळांचा मेळा भरला आणि देशभराचा क्लॅरियन सायकलिंग क्लब उभा राहिला.

यांचा क्रम असा. शनिवारी दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की निघायचे. शनिवारची अर्धी रजा कामगारांनी भांडून मिळवलेली. ती नसती तर हा क्लबही नसता, हे लक्षात घ्यावे. कॅरिअरला पत्रकांचे गठ्ठे आणि साप्ताहिकाचे अंक. एखाद्या खेड्याच्या चौकात थांबायचे, एकाने उंचवट्यावर चढून भाषण करायचे, बाकीच्यांनी पत्रके वाटायची. कुणी हुर्यो केली तर ती सोसायची आणि पुढचे गाव गाठायचे. मधल्या वाटेत गाणी, चेष्टा, चहा. रस्त्यात दुसरा क्लॅरियनवाला भेटला की एकाने ओरडायचे “बूट!” आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे “टाचा!”, म्हणजे घोडेस्वाराच्या बुटाला असतात त्या लोखंडी टाचा. घोडा सरदाराचा आणि सायकल कामगाराची. तेव्हा या आरोळीत थोडी थट्टा होतीच. पुढे त्यांनी शहराबाहेर स्वतःची विश्रांतिगृहे काढली. चेशायरमध्ये बकलो हिल येथे १८९७ साली पहिले निघाले. आठवडाभर धुरात काढलेला कामगार तेथे रविवारी हिरवळीवर पाय पसरून बसे. बायकांना या मंडळात पहिल्यापासून प्रवेश होता. पुढे मताधिकाराच्या लढ्यात गाजलेल्या क्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया पँकहर्स्ट या बहिणी मुलीपणी मँचेस्टरच्या क्लॅरियनवाल्यांबरोबर सायकलीवर हिंडत.

प्रचार किती झाला आणि मौज किती, हा वाद त्या क्लबात कायम चालला. काही कडक मंडळी म्हणत, हे लोक नदीकाठी सँडविच खातात आणि क्रांती विसरतात. आम्हांला या कडक मंडळींचा स्वभाव चांगला ठाऊक आहे. प्रत्येक युनियनमध्ये असा एक असतो, आणि तरुणपणी आमच्या युनियनमध्ये तो आम्हीच होतो. आज मात्र आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. कामगाराला नदीकाठ दाखवणे हेही कामच होते. गरज आणि हौस या दोन गोष्टी त्या लोकांनी एकाच चाकाला आऱ्यांसारख्या बसवल्या, हेच त्यांचे खरे कर्तृत्व. ज्या सायकलीवरून माणूस सोमवारी गिरणीत जाई, तीच त्याला रविवारी माळावर नेई. त्याने स्वतःला दोन माणसे मानले नाही.

जर्मनीत हेच काम मोठ्या प्रमाणावर झाले. १८९६ मध्ये ओफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांचा संघ स्थापन झाला. नाव ‘सॉलिडारिटेट’, म्हणजे एकजूट. जर्मन माणूस एकदा संघटना करू लागला की ती पुरी करतो. सभासदाला अपघात झाला तर मदत, स्वतःचे मुखपत्र, आणि पुढे सहकारी तत्त्वावर सायकलींचा धंदा व ‘फ्रिश आउफ’ या नावाचा कारखानाही. पहिल्या महायुद्धापूर्वी संघाचे सभासद दीड लाखांच्या घरात गेले. सायकलवाल्यांची एवढी मोठी संघटना त्या वेळी जगात दुसरी नव्हती. निवडणुकीत पत्रके वाटायला हे लोक असे सुसाट जात की त्यांना वर्गलढ्याचे लाल घोडेस्वार म्हणत. १९३३ मध्ये हिटलरचे राज्य आले आणि संघावर बंदी आली, कारखाना जप्त झाला. युद्धानंतर संघ पुन्हा उभा राहिला आणि आजही आहे.

इंग्लंडात बंदी कुणी घातली नाही. तेथले दुखणे घरातलेच. बोअर युद्धात ब्लॅचफर्डने सरकारची बाजू घेतली. १९१४ च्या महायुद्धात तर तो युद्धाचा उघड पुरस्कर्ता बनला. ज्याच्या शब्दावर तरुण पोरे पावसापाण्यात पत्रके वाटीत हिंडली होती, तोच आता त्यांना खंदकाची वाट दाखवू लागला. वाचक तुटले, मित्र दुरावले. क्लब मात्र टिकला. १९३६ नंतर स्पेनच्या यादवीत त्याचे सभासद प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला गेले, काही परत आले नाहीत. आणि आता अलीकडची गोष्ट: २०२१ मध्ये या क्लबाने आपल्या घटनेतील समाजवादाचा उल्लेख मतदानाने काढून टाकला. ज्यांना ते रुचले नाही ते बाहेर पडले आणि त्यांनी वेगळे मंडळ काढले.

ही बातमी वाचली तेव्हा आम्हांला प्रथम राग आला. मग विचार केला. राहिलेले लोक काय म्हणाले असतील? आम्हांला सायकल चालवायची आहे, राजकारण नको. यात वावगे काय? वावगे काही नाही. फक्त शंका एवढीच की, हौस एकटी उरली म्हणजे ती कुणाला बरोबर घेते आणि कुणाला मागे ठेवते, हे पाहिले पाहिजे.

रस्त्यांचीच गोष्ट घ्या. १८८६ मध्ये इंग्लंडातील सायकलवाल्यांच्या संघटनांनी रस्तेसुधारणा संघ स्थापन केला. आगगाडी आल्यापासून तेथले रस्ते खड्ड्यांत गेले होते. सायकलवाल्यांनी पत्रके काढली, अधिकाऱ्यांना छळले, खडी कशी पसरावी याची माहिती छापली. रस्ते सुधारू लागले, आणि मागून मोटार आली! आधी रस्ता मागणारा पुढे कडेला गेला, आणि आता तर कडाही उरली नाही. पण हा दोष सगळा मोटारीवर टाकता येणार नाही. त्या वेळी रस्ता मागणारे बरेचसे हौशी सभ्य गृहस्थ होते. परवडली तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांनी स्वतःच मोटार घेतली आणि रस्त्याचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला. ज्याला सायकलीवाचून गत्यंतर नाही तो मागे राहिला, आणि त्याच्या वतीने बोलायला कुणी राहिले नाही.

हौस ही काही हलकी चीज आहे असे आमचे म्हणणे नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. वाळवंटे आणि जंगले त्यांनी पायडल मारीत ओलांडली. हे वाचून आजही अंगावर काटा येतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्याने चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो किताब आम्हांला लहानपणी राष्ट्रपतिपदापेक्षा मोठा वाटे.

पण आपल्याकडे सायकल वाढली ती गरजेवर. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून एके काळी देशभर ओळखले जाई, ते दूधवाला, पोस्टमन, कारकून, प्राध्यापक आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली या सर्वांमुळे. नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे. डबलसीट बसलात किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडी; त्या गुन्ह्यात प्राध्यापक आणि दूधवाला समान असत. स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर देशी कारखाने निघाले: मुंबईत वरळीला हिंद, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. हिंद आणि सेन-रॅले पुढे डबघाईला येऊन १९८० मध्ये सरकारजमा झाले आणि नंतर बंद पडले. ॲटलासच्या साहिबाबादच्या कारखान्याचे काम ३ जून २०२० रोजी थांबले. कामगारांना त्याची वार्ता फाटकावरच्या नोटिशीतून कळली. तो दिवस जागतिक सायकल दिन म्हणून पाळला जातो, हा योगायोग कुणा नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरापैकी सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल होती. म्हणजे सायकलवाला नाहीसा झालेला नाही. तो फक्त आपल्या नजरेतून उतरला आहे.

आणि नजरेतून कसा उतरतो, याचा दाखला आम्हांला स्वतःविरुद्धच द्यावा लागतो.

एका औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. नावाचे येथे कारण नाही. फाटकाशेजारी सायकलींसाठी पत्र्याची जुनी शेड होती. अधिकाऱ्यांच्या मोटारींना जागा हवी म्हणून ती एका सुटीच्या दिवशी पाडली. सायकली भिंतीलगत उघड्यावर आल्या. उन्हाळ्यात ट्यूब फुटायच्या, सीटची कातडी तडकायची. पावसाळ्यात चेन गंजायची. त्याच वर्षी आमचे मागणीपत्र जायचे होते. कमिटीच्या बैठकीत कुणीतरी शेडचा विषय काढला आणि तो कुणी उचलला नाही. कारण साधे होते. कमिटीतले सगळे कायम कामगार, आणि कायम कामगार एव्हाना मोटारसायकलीवर येऊ लागला होता. सायकलीवर येत ते कंत्राटी, आणि कंत्राटी तर आमचे सभासदही नव्हते. आम्ही स्वतः सायकलीवर जात होतो, पण आम्हीही “ते नंतर पाहू” म्हणालो. शेवटी मागणी कागदावर घातली, एकोणिसावी की विसावी, आणि वाटाघाटीत पगाराच्या आकड्यासाठी सर्वांत आधी सोडली तीच.

करार झाल्यावर फाटकावर पेढे वाटत होतो. कंत्राटातला एक रंगारी पेढा घेता घेता म्हणाला, “भाऊ, तुमची सायकल कुठं लावता हो तुम्ही?” आमची सायकल रखवालदाराच्या खोलीच्या सावलीत उभी होती. पुढारी म्हणून तो ती आत घेऊ देई, आणि इतक्या महिन्यांत हे आमच्या लक्षातही आले नव्हते. रंगाऱ्याने आणखी काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सायकल भिंतीलगत उन्हात लावू लागलो. त्याने कुणाचे काही भले झाले असे नाही; पण मे महिन्यात आमचीही ट्यूब फुटली आणि त्या रंगाऱ्याशेजारी बसून पंक्चर काढताना प्रथमच त्याच्याशी बोलणे झाले. तो रोज येऊनजाऊन बावीस किलोमीटर सायकल मारी. रविवारी मुलाला पुढे दांडीवर बसवून धरणावर नेई. का, असे विचारले तर म्हणाला, “उतारावर पोरगं ओरडतं ना, ते ऐकायला.” पुढल्या करारात पत्रे पडले, तेही निम्म्याच जागेवर.

दांडीवरच्या मुलाची गोष्ट निघाली म्हणून पुदुकोट्टईचे सांगतो. तमिळनाडूच्या या दुष्काळी जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम निघाली, ‘अरिवोळी इयक्कम’. तेव्हाच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी त्या मोहिमेत सायकल शिकवणे हाही एक धडा धरला. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, खेड्यातल्या परिचारिका, शिक्षिका, अशा हजारो जणी शिकल्या. लोक अर्थातच नावे ठेवीत होते. पी. साईनाथ तेथे गेले होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की पुष्कळ बायका मुद्दाम पुरुषांची सायकल पसंत करीत, कारण त्या सायकलीला दांडी असते आणि दांडीवर मूल बसवता येते. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, बस चुकली तरी खोळंबून न राहणे, ही झाली गरज. पण त्या बायकांशी बोललेल्या प्रत्येकाने दुसरीही गोष्ट नोंदवली आहे: त्यांना मजा वाटत होती. कुणाच्या मागे न बसता आपण होऊन कुठेतरी जाण्याची मजा. बर्मिंगहॅमच्या कॉफीगृहातले ते तरुण यांना भेटते, तर त्यांना ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटले असते.

आपल्याही शहरांत आता हौशी सायकलस्वारांची मंडळे निघाली आहेत. रविवारी पहाटे डोक्यावर शिरस्त्राण घालून, मोटारसायकलीहून महागड्या सायकलींवर ते रांगेने जातात. आम्ही त्यांच्याबरोबर चार-सहा वेळा गेलो आहोत; माणसे दिलदार आहेत, एखाद्याची चेन तुटली तर दहाजण थांबतात. त्याच वेळी समोरून रात्रपाळी संपवलेले रखवालदार जुन्या काळ्या सायकलींवर, कॅरिअरला डबा अडकवून, घरी जात असतात. दोन्ही रांगा एकमेकींशेजारून निघून जातात. आम्ही एकदा त्या हौशी मंडळाच्या बैठकीत सुचवले की रस्त्याकडेच्या पट्टीसाठी महापालिकेला अर्ज द्यायचा आहेच, तर त्यावर या रखवालदारांच्याही सह्या घेऊ. सूचना सर्वांना पसंत पडली. सह्या घ्यायच्या कुणी आणि कुठे उभे राहून, इतकेच ठरायचे राहिले. ते काम आम्ही अंगावर घेतले आहे. पहाटे साडेपाचला पुलाच्या तोंडाशी उभे राहतो. पहिल्या दिवशी तिघे थांबले, दुसऱ्या दिवशी नऊ. झोप आलेल्या माणसाला सहीसाठी थांबवणे अवघड असते, पण फाटकावर उभे राहण्याची आम्हांस सवय आहे.

आजही आम्ही सायकलीवरच आलो. सभागृहाच्या आवारात मोटारींना जागा आखलेली आहे, स्कूटरींना आहे. सायकल कुठे लावू म्हणून विचारले, तर रखवालदाराने मागच्या बाजूचा जिना दाखवला. जिन्याखाली आणखी एक सायकल होती, ती त्याचीच. कागदावर बारावी सही त्याची आहे.